अळूच्या पानातला तुर्की भात

त्या बाई तुर्कस्तानच्या. तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेल्या एका परदेशी इंजिनिअरच्या पत्नी. साठच्या दशकात आम्ही वसाहतीतली कुटुंबं रविवारी डबे घेऊन चिंचणीच्या किनारी जात असू. त्यांच्या माहेरी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून शिजवतात. इथे ती पानं मिळेनात, म्हणून त्यांनी अळूची घेतली. पण चिंच घातली नाही. सगळ्यांचे घसे खवखवले, मुलं पाण्याकडे पळाली आणि बाईंनी डबा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्या हिने त्यांच्या घरी चिंच पोचवली.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा डबा घेऊन आल्या. कोणी हात पुढे करेना. तेव्हा त्यांनीच एक गुंडाळी उचलली.

"हमारे यहाँ पहले मेहमान खाता है," त्या इथे शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या. "यहाँ मेहमान मैं. गला खुजलाया तो मेरा."

हिने ती गुंडाळी त्यांच्या हातातून काढून घेतली. "मेहमान कसल्या हो तुम्ही! बसा." आणि सरळ तोंडात टाकली.

मग मुलांची झुंबड उडाली. बाईंना स्वतःला एकही उरली नाही. तो रिकामा डबा त्या येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवत होत्या.