सावडीला आलेल्या बायका

सोनपेठला आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे पापड एकटीनं कुणी लाटत नाही. सावड असते. आज सगळ्या तुझ्या घरी, उद्या सगळ्या माझ्या घरी. ज्या घरी काम, त्या घरी जेवण. नुसत्या गप्पांना आलात तर चहावर बोळवण.

मी नवी सून. सगळ्यांचे पापड लाटून कंबरेचा पार भुगा झालेला. पण आमच्या घरच्या पापडांची पाळी आली तेव्हा मला दुसराच घोर लागला होता. परदेशातल्या एका कंपनीला फोनला मराठी शिकवायची होती, आणि त्यासाठी बायकांचे आवाज गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. दुसऱ्या दिवशी आवाज दिले नाहीत तर काम हातचं जाणार होतं. पण मागायचे कुणाला? सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "खुर्चीत बसून कसलं काम गं?" लय लागायचं मनाला. शेवटी गल्लीत सांगून टाकलं, यंदा आमचे पापड नाहीत, मला काम आहे.

सकाळी दार उघडलं तर काय, सगळ्याजणी पोळपाट-लाटणं घेऊन उभ्या!

"अहो, पापड नाहीत," मी म्हटलं.

"काम हाय म्हनलीस ना?" समोरच्या मावशी आत शिरत म्हणाल्या. "तू आमच्या कामाला आलीस, तुझ्या कामाला आमी यायचं न्हाई व्हय? दाव, कुठाय काम?"

मी लॅपटॉप दाखवला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि चहा ठेवला. चहा! म्हणजे गप्पाच.

मग काय विचारता! मी एकेक वाक्य वाचायची, त्या बोलायच्या. 'उद्या हवामान कसे असेल?' आलं, तर मावशी मायक्रोफोनवर ओरडल्या, "उद्या आभाळ येतंय का रं बाबा? पापड वाळायचेत!" बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"मावशी, लिहिलंय तसं बोला ना."

"मराठी शिकायचीय ना त्याला? मग आमची शिकू दे की!"

मग लिहिलेली आणि त्यांच्या बोलीतली, दोन्ही वाक्यं बोलून घेतली आणि पाठवून दिली. दुपारी निरोप आला, आवाज छान आहेत, अजून पाठवा. मी आनंदानं मावशींना मिठीच मारली.

बायका पोळपाट उचलून निघाल्या, तसा स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

"उपाशी कुठं निघाल्या गं? पिठलं-भाकरी झालीय, बसा."

मी ताटं घ्यायला धावले. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तूबी बस. सकाळपासून काम करायलीस."