तळलेलं बियाणं

माझ्या बायकोचं बियाणं सुनेनं तळलं. वर मलाच विचारलं, "बाबा, त्याला राख का लावली होती? धुता धुता हात दुखले माझे."

राख किडीसाठी असते. हे तिला कोण सांगणार? संगणकावरनं उठून रानात आलेली माणसं.

के. आर. पुरमच्या पुढं आमचं थोडं रान आहे. बायको तिथं पावटा लावायची, इथं कानडीत अवरे म्हणतात तो. चांगल्या वेलाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. त्याच्या शेंगा मीसुद्धा तोडायच्या नाहीत. वाळल्या की बी काढून राखेत घोळायची आणि पत्र्याच्या डब्यात भरायची. ती उन्हाळ्यात गेली. डबा माळ्यावर भरलेलाच राहिला.

पोरानं नोकरी सोडून याचाच धंदा काढलेला. पावटा भिजवून सोलायचा, तळायचा, चकचकीत पाकिटात घालायचा. माल मूठभर, भाव सोन्याचा. बायको होती तोवर तिच्या डब्याला कुणी हात लावत नव्हतं. मागच्या खेपेला माल कमी पडला आणि सुनेनं माळा हुडकला.

शहरात जे. पी. नगरात रविवारी बाजार भरतो. तिथं पोरानं मला पागोटं घालून बसवलं. शेतकरी दिसला की गिऱ्हाईक येतं म्हणे. एक पुण्याकडची बाई आली.

"काका, लास्ट टाइमची बॅच काय सुंदर होती! ही तशी नाही लागत."

"कशी लागेल? ते बियाणं होतं. माझ्या बायकोच्या हातचं शेवटचं. तुम्ही खाल्लंत."

बाई हसली. तिला वाटलं ही जाहिरातच. "सो स्वीट," म्हणाली आणि दोन पाकिटं घेतली.

गाडीत पोरगा म्हणाला, "गिऱ्हाइकाशी असं बोलतात, बाबा? सरी, ठीक आहे, झालं ते झालं. बी दुकानात मिळतं. उद्या आणतो, तुम्ही पेरा."

"त्याच्या पावट्याला आपल्यासारखा वास नसतो. आसपासच्या रानांवर इमारती उठल्या, आता तसलं मागू कुणाकडं?"

सून मागनं म्हणाली, "आम्हाला माहीत नव्हतं ना, बाबा."

माहीत नव्हतं तर विचारायचं. मी घरातच होतो. मेलो नव्हतो.

पोरानं दुकानातनं पिशवी आणली. मी हात लावला नाही, तेव्हा मजूर लावून पेरून घेतलं. विहिरीकडचा तिचा तुकडा तेवढा मी पेरू दिला नाही. जमीन अजून माझ्या नावावर आहे. तिथं आता गवत माजलंय. पोरगा कुरकुरतो, "लोक शेत बघायला येतात, बाबा. बरं दिसत नाही."

म्हटलं, सांग त्यांना, मालकीण वारली.