राबावरील माझ्या व्याख्यानाची खरी हकीकत

ठाण्याच्या वाचनालयात मी जंगलांच्या इतिहासावर दिलेले व्याख्यान कुणब्यांनी उधळले, असे कल्याणचे एक वकील अजून सांगत फिरतात. ते गृहस्थ त्या सायंकाळी अर्ध्यातूनच उठून गेले होते. मी शेवटपर्यंत उभा होतो. तेव्हा हकीकत मीच सांगितलेली बरी.

मी त्या वेळी जंगल कचेरीत कारकून होतो. भाताचे रोप टाकण्याआधी शेतकरी वाफ्यावर झाडांचे टहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, पसरून भाजतात, त्यास राब म्हणतात. या राबापायी जिल्ह्यातील रान उजाड झाले, असे मी दप्तराच्या आधारे मांडले. टहाळ तोडण्याचा हक्क ठेवावा की काढावा, याची सरकारी चौकशी चालू होती. आणि अध्यक्षस्थानी बसलेले आमचे वरिष्ठ माझा निबंध दुसऱ्याच दिवशी त्या चौकशीकडे धाडणार होते.

व्याख्यान संपताच दाराशी बसलेला, कचेरीच्या कामासाठी गावाकडून आलेला एक म्हातारा कुणबी उठला.

"रावसाहेब, ऐनाच्या झाडावर कदी चढलाव?"

"नाही. मी कागद तपासले आहेत."

"कागदावर चढाया सोपं." सभा हसली. "आमी शेंडा राखतो, बाजूच्या फांद्या घेतो. शेंडा गेला तं झाड मेलं. मग फुडल्या साली राब कशाचा करू, तुमच्या कागदांचा?"

पुन्हा हशा झाला. उधळणे म्हणतात ते एवढेच. मला राग आला, हे मी लपवीत नाही. पण ठेकेदाराने बुंध्यापासून पाडलेले झाड आणि नुसते टहाळ काढलेले झाड आमच्या दप्तरात 'तोडलेली झाडे' या एकाच सदरात लिहिली जात, आणि ते सदर कित्येक वर्षे मीच भरीत होतो.

सभा पांगल्यावर मी वरिष्ठांकडे निबंध परत मागितला.

"आता माघार? लोक हसतील हो."

"हसून झाले आहेत."

त्यांनी तो दिला. कागद हाती येताच छातीवरचे ओझे उतरले. माझ्या हस्ताक्षरातील कागदावर कचेरीत कोणी शंका घेत नसे. तो निबंध जसाच्या तसा गेला असता.

पुढच्या रविवारी मी त्या म्हाताऱ्याच्या रानात जाऊन ऐन पाहिले. शेंडे शाबूत होते, फांद्यांना नवी पालवी होती. निबंध नव्याने लिहून धाडला. शेंडा राखण्याच्या अटीवर त्या गावाचा हक्क राहिला. त्यात माझा वाटा किती, ते मला ठाऊक नाही. गावकऱ्यांविरुद्ध माझा कागद नव्हता, एवढे नक्की.