उरलेलं स्टेक आणि कच्ची करवंदं

आधी मंजुळामावशीचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. शेणवे गावाच्या पुढे डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथून मावशी आमच्या रिसॉर्टवर भांडी घासायला येतात. त्या दिवशी त्या नसत्या, तर मी आजही कांदेच चिरत असते.

तर, रविवारी सकाळी अकरा वाजता मॅनेजर चेतन सर किचनच्या दारात येऊन उभे राहिले.

"रेखाताई, आठ गेस्ट आहेत. ग्रुपच्या मॅडम म्हणतायत, रात्रीचं जेवण जड झालं. आज थंड आणि हलकं काहीतरी द्या."

"काकडी-टोमॅटोचं देते की."

"रविवार आहे, नुसती घासफूस नको, असंही म्हणाल्यात. फ्रिजात कालचे स्टेक आहेत ना? त्याचं सॅलड करा. एक वाजता टेबलवर पाहिजे."

आमचे शेफ दोन दिवस नाशिकला गेले होते. जाताना म्हणाले होते, "आल्यावर बघतो तुला कोल्ड सेक्शन देता येतो का." कोल्ड सेक्शन म्हणजे सॅलड, चटण्या, थंड पदार्थांचं काम. स्वतःचं टेबल, स्वतःची सुरी. मी हिंगोलीकडची, सातवीतून शाळा सुटलेली. दोन वर्षं इथे नुसतं कटिंग केलं. कोणी फॉर्म पुढे केला की शिक्षणाच्या रकान्यापाशी माझा हात अजून थांबतो. शेफ आल्यावर सरांना आजच्या जेवणाचंच विचारणार, हे मला माहीत होतं. हीच माझी परीक्षा.

स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप. आमच्याकडे बोकडाच्या मांडीचा असतो. सहा उरले होते. कोणाच्या ताटातले नव्हेत, वाढायच्या आधीचे. डब्यावर मीच टेप लावून वेळ लिहिली होती. वास घेतला, चांगले होते.

पण आमच्या घरी शिळं मटण खळखळून उकळल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. सर थंड म्हणाले होते, तरी माझा हात ऐकेना. म्हटलं, शिजवून मग गार करू. दोन स्टेक पाणी घालून झाकण मारून ठेवले. वीस मिनिटांनी बघते तर आकसून काळे. सुरी दाबली की रबरासारखे उडायचे.

मावशी मोरीवरून बघत होत्या. हात पुसत आल्या, एक तुकडा तोंडात टाकला. मावशींचे वरचे चारच दात शाबूत. बराच वेळ चावलं आणि तुकडा हातावर काढला.

"अगो, मटान केलंस का चप्पल?"

मला रडू यायला लागलं. "मावशी, आता काय करू? चारच राहिले. आठ माणसं आहेत."

"चार लय झाले. परत शिजवायचं नाय. भाजलेलंच हाय ना ते? आमी वाडीवर बोकड भाजतो, दुसऱ्या दिवशी गारच खातो. कापायचं कसं, ते बघ."

मी नेहमीसारखी सुरी लावली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"उभं नको. टोपलीला कांबी काढायची तर बांबू उभा चिरायचा. मटान खायचंय तर आडवं काप."

नीट बघितलं तर मांसात दोऱ्यांसारख्या रेषा दिसतात. रेषेच्या बाजूने कापलं की लांब दोरे तोंडात येतात आणि माणूस चावत बसतो. आडवं, पातळ कापलं की दोरा तिथेच तुटतो. दोन वर्षं सुरी चालवत होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

कडेची चरबी थंड होऊन मेणासारखी घट्ट झाली होती, ती काढून टाकली. कागदासारखे काप केले. चार स्टेकचा मोठा ढीग झाला. मावशींनी एक काप खाल्ला.

"हां. आता माझ्या दातांनी तुटतंय, म्हंजे कुणाच्याबी तुटल."

आता ड्रेसिंग. म्हणजे सॅलडवर घालायचं आंबट-खारट तेल. लिंबू आणायला मी फ्रिजकडे वळले, तर मावशींनी पदराची गाठ सोडली. कच्ची करवंदं.

"चीक काढ आधी, नायतर घसा धरल."

करवंदं ठेचली, मिठाच्या पाण्यात बुडवली, दोनदा धुऊन घट्ट पिळली. मग लसूण, मिरी, मीठ आणि तेल घालून खलबत्त्यात वाटली. काकडी, पातळ कांदा, कोथिंबीर, वर मांसाचे काप. ड्रेसिंग अगदी शेवटी घातलं, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

एकला पाच कमी असताना ताटल्या गेल्या. मी दाराच्या काचेतून बघत होते. ग्रुपमधल्या एका आजोबांनी आधी काप काट्याने उचलून उजेडात धरला. मग त्यांनी खाल्ला. मग बायकोच्या ताटलीतला एक उचलला.

थोड्या वेळाने मॅडम स्वतः आत आल्या. "हे आंबट काय आहे?"

"करवंद आहे मॅडम. इथल्याच डोंगरातलं."

"कोणी केलं?"

मी मावशींकडे बघितलं. त्या पाठ करून कढई घासत होत्या. म्हणाल्या, "तिनंच. मी भांडीवाली."

"दोघींनी केलं," मी म्हटलं.

ते बिघडलेले दोन स्टेक मी सरांना दाखवले. लपवले नाहीत. सरांनी एक वाकवून बघितला. "हे शेफला सांगू नका," म्हणाले आणि हसले. पण शेफ परत आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला एक काप कापून दाखवायला लावला. बघितला आणि कोल्ड सेक्शनच्या फळीवर माझ्या नावाची टेप चिकटवली. ती टेप मी रोज पुसते, उगाचच.

शिकले ते एवढंच: शिजलेल्याला परत शिजवू नये, आणि सुरी लावायच्या आधी रेषा बघावी.

त्या दिवशी आठही ताटल्या पुसल्यासारख्या रिकाम्या परत आल्या. मावशींच्या वाट्याला आला तो फक्त चवीचा एक काप, तोही उभ्याने. जेवणाच्या हॉलमध्ये त्या आजवर फडकं घेऊनच गेल्यात. एक दिवस मी त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवणार आहे. ताटली मी आणणार, आणि काप इतके पातळ करणार की चार दातांना काही कामच उरणार नाही.