तुऱ्याचं आइस्क्रीम

एकोणीसशे साठच्या आसपास जयपुरात जेवढी मराठी घरं होती, त्या सगळ्यांत मिळून कधीच खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि नेमका त्याच्यावरच कुणाचा विश्वास नव्हता. ते म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर. संख्याशास्त्र शिकवायचे. वर्षभर अमेरिकेत शिकून आले होते, पण तिथली विद्यापीठं, पूल, उंच इमारती यांबद्दल त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. त्यांनी अमेरिकेत पाहिलं ते एकच, रस्त्याकडेचं एक आइस्क्रीमचं दुकान. त्या कंपनीची म्हणे गावोगाव एकाच छापाची दुकानं होती, शेजारच्या देशातसुद्धा. पावात घातलेलं मांसाचं काहीबाही तिथे मिळायचं, तिकडे प्रोफेसरांनी पाहिलं नाही. त्यांचं लक्ष नळाकडे. नळ उघडला की मऊ आइस्क्रीम वेटोळी घालत कोनात उतरायचं आणि शेवटी वर नेमका एक तुरा यायचा.

हा तुरा त्यांच्या डोक्यातून उतरेना. लस्सी प्यायला गेले की मलईला तुरा काढ म्हणून लस्सीवाल्याच्या मागे लागायचे. तो म्हातारा एकदा शांतपणे म्हणाला, "प्रोफेसर साब, पीनी है कि पहननी है?" एका मुंजीच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या चार पानांवरच्या श्रीखंडाला, कुणी न सांगता, चमच्यानं तुरे काढून दिले. घरी तर स्वयंपाकघराची खिडकी हेच दुकान ठरलं होतं. बाहेर गच्चीत उभं राहून ते तिथूनच चहा मागायचे, कारण तिकडे गिऱ्हाईक आत शिरत नाही. वहिनी आतून म्हणायच्या, "रांगेत उभे राहा." रांगेत ते एकटेच असायचे, तरी दोन मिनिटं इमानेइतबारे थांबायचे.

इथवर लोक हसून सोडून देत. पण प्रोफेसर पुढे सांगत, की भरलेला कोन तिकडे उलटा धरून गरम चॉकलेटात बुचकळतात. आइस्क्रीम पडत नाही, वितळत नाही, वर कडक कवच धरतं. जयपूरच्या उन्हात बसून हे कोण खरं मानणार? आमच्या ऑफिसचे मोठे साहेब मराठी मंडळाचेही अध्यक्ष होते. ते भर बैठकीत म्हणाले, "प्रोफेसर, नक्की अमेरिकेपर्यंत पोचला होतात ना? की सांगानेरच्या विमानतळावरूनच परत आलात?" प्रोफेसरांचा चेहरा उतरला. आपण डोळ्यांनी पाहिलेलं कुणी खोटं म्हणावं, हे त्यांना सोसत नसे. मंडळाच्या स्नेहसंमेलनात करूनच दाखवतो, म्हणाले.

महिनाभर तयारी चालली. बर्फ-मीठ घालून फिरवायची आइस्क्रीमची बादली माझ्या घरची. नळाऐवजी चकलीचा सोऱ्या, कारण त्यातून चांदणीच्या आकाराची धार पडते. कोन म्हणजे करंजीची पारी लाकडी साच्यावर गुंडाळून तळलेली. चॉकलेट म्हणजे खोबरेल तेलात कालवलेली कोकोची पूड. संमेलनाच्या आदल्या दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. सोऱ्या दाबला, तुरा आला, जरासा डावीकडे कललेला. मग त्यांनी श्वास रोखून कोन उलटा केला आणि गरम चॉकलेटात बुडवला. बाहेर काढला तेव्हा काहीही पडलं नव्हतं. बघता बघता कवच धरलं. तो कोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी खात असताना माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं अध्यक्षीय भाषण वीस मिनिटांचं ठरलं होतं, ते सव्वा तास चाललं. तोवर बादलीतल्या बर्फाचं पाणी झालं. प्रोफेसरांनी कोन उलटा केला आणि आइस्क्रीम तुऱ्यासकट चॉकलेटात पडलं. मांडवभर हशा उसळला, साहेबांचा सर्वांत मोठा. प्रोफेसर माझ्याकडे वळले.

"अहो शेजारी, काल तुमच्यासमोर जमलं होतं ना? सांगा यांना."

माझा पुण्याच्या बदलीचा अर्ज त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. मी म्हणालो, "काल ऊन फार होतं हो. मला काय दिसलं ते नक्की सांगता येत नाही."

हशा दुप्पट झाला. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट लोकांना रंगवून सांगितली, माझं ते वाक्य शेवटाला ठेवून. भाषण किती लांबलं, ते मात्र दर वेळी गाळलं.

त्या दिवसापासून प्रोफेसरांची अमेरिका संपली. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "थंडी फार होती." लस्सी जशी येईल तशी प्यायचे. चहाला मुकाट्यानं आत जाऊन बसायचे. त्यांच्या बोलण्याला कंटाळलेले आम्ही सगळे आता त्यांच्या गप्प बसण्यानं अवघडायला लागलो.

माझी बदली काही झाली नाही. त्यांनाच नागपूरला नोकरी मिळाली. स्टेशनवर पोचवायला मी गेलो. गाडी सुटायच्या आधी ते खिडकीतून वाकून हळूच म्हणाले, "शेजारी, त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत, त्याचं काही नाही. साहेब समोर होते. पण कसं लागलं, ते तुम्ही मला एकट्यालासुद्धा कधी सांगितलं नाहीत."

तेवढ्यात गाडी हलली. नंतर पत्र लिहायचं पुष्कळदा मनात आलं, आणि मनातच राहिलं.

आता प्रोफेसर नाहीत, साहेबही नाहीत, आणि मला कुठे बदलून जायचं उरलेलं नाही. तेव्हा लिहून ठेवतो. जमलं होतं. मी पाहिलं होतं. आणि प्रोफेसर, फार छान लागलं होतं. आणखी एक मागायला संकोच वाटला, इतकंच.