वर्गातली ‘हिले’

रविवार, ७ एप्रिल. कूलरची जुनी खस काढून नवी बसवायला घेतली होती. कूलरच्या बाजूच्या जाळीदार ताट्या अंगणात आडव्या टाकून तारा सोडवत होते, तेव्हा शेजारच्या बांधकामावरची बाई पाणी भरायला आली. मागे तिची मुलगी. सक्करदऱ्यात आमच्या घराला लागून इमारत उभी राहते आहे. हे कुटुंब तिथेच टिनाच्या खोलीत राहतं आणि पाणी आमच्या नळावरून नेतं. गोंड आहेत, रामटेकच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावचे.

मुलगी आमच्याच शाळेत पहिलीत. मी सातवीला शिकवते, त्यामुळे तिच्याबद्दल कळायचं ते स्टाफरूममध्ये. पहिलीच्या बाई मनाने वाईट नाहीत, पण नकला छान करतात.

“समजलं का विचारलं, की म्हणते ‘हिले’. पाटी आणली का? ‘हिले’. म्हणजे मी सगळं शेजारणीलाच विचारायचं. कामचोर पोट्टी आहे वं.”

हिले म्हणजे हिला; नागपुरात आम्ही सगळेच असं बोलतो. वर्गात तिचं नावच ‘हिले’ पडलं होतं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, “त्यांच्यात अभ्यासाचं वळणच नसते.” हे वाक्य मला नवीन नव्हतं. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आमच्या वस्तीबद्दलही लोक हेच बोलत. मी तसं सांगितलं. “तुमचं वेगळं,” म्हणाल्या आणि डब्याला झाकण लावलं.

तर त्या रविवारी मुलीची आई पाण्याने भरलेला डबा घेऊन खोलीकडे गेली आणि मुलगी बादली भरायची वाट बघत नळापाशी थांबली. बोलायचं म्हणून विचारलं, “जेवलीस का गं?”

“हिल्ले.”

नळापाशी ती एकटीच होती. जिच्याकडे बोट दाखवावं अशी कोणी शेजारीण तिथे नव्हती.

आई परत आली तेव्हा तिला विचारलं, “हिल्ले म्हणजे काय हो?”

“नाही म्हणजे. आमच्या बोलीत.” ती जराशी लाजली. “तिले तुमचं समजते बाई. पण शाळेत भेव लागते, मंग घरचंच निघते तोंडातून.”

समजलं का? नाही. पाटी आणली का? नाही. पोरीने वर्षभर सरळ उत्तरं दिली होती आणि बाई दर वेळी शेजारच्या मुलीकडे वळल्या होत्या. मला लहानपणी ‘मले’ म्हटल्यावर छडी बसायची. पण मी काय म्हणते ते मारणाऱ्या बाईंना कळत तरी होतं.

मी हे आईला समजावून सांगितलं. तिने नळ बंद केला. मग म्हणाली, “उद्या गावाकडं चाललो आम्ही. मोहफुलं वेचायचे दिवस हायत. हे पोरगी आता तिकडंच राहीन, तिच्या आजीजवळ.”

“आणि शाळा?”

“शाळा झाली तिची. बाईनं दोनदा बोलावलं मले. सांगे, हिले जमत नाही, कायले पाठवता.”

“अहो, बाईंची चूक झाली. परीक्षेपर्यंत माझ्याकडे ठेवा. मी शिकवते.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “कालवरी ढ होती. आज एका शब्दानं हुशार झाली काय? तुमी आज म्हणता जमते. जूनमध्ये दुसरी बाई म्हणन जमत नाही. किती डाव आयकू?”

मुलगी बादलीत हात घालून पाणी ढवळत होती. आईने तिला तिच्या बोलीत काही विचारलं. ती भरभर, लांबलचक बोलली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“काय म्हणते?”

“नाही म्हणते. पोट्टे चिडवतात म्हणते.”

त्या गेल्यावर पहिलीच्या बाईंना फोन केला. ‘हिल्ले’चा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, “तिने निदान मान तरी हलवायची ना.” थोड्या वेळाने पुन्हा त्यांचाच फोन. “मी येऊन सांगू का तिच्या आईला?” मी म्हटलं, या. संध्याकाळी त्या आल्या, टिनाच्या खोलीसमोर उभ्या राहिल्या, चूक झाली म्हणत जवळजवळ पाया पडायलाच वाकल्या. आईने त्यांना खाट दिली, काळा चहा दिला. पण सामान बांधायचं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायलेकींना दोन फेऱ्यांत स्कूटीवरून बसस्टँडला सोडलं. आधी आई आणि भांड्यांचं बोचकं, मग मुलगी. बाप रात्रीच पुढे गेला होता. मुलगी माझ्यामागे बसली होती, साडीला धरून. गाडीवर पहिल्यांदाच बसली असावी. प्रत्येक वळणावर तिची मूठ घट्ट व्हायची. उतरताना शाळेचं दप्तर माझ्याकडे द्यायला लागली. मी ते परत तिच्या खांद्यावर अडकवलं. आईने ते काढून बोचक्यात कोंबलं. प्रवासात तेवढंच एक ओझं कमी.

बस निघाल्यावर मी शाळेत गेले. प्रार्थना होऊन गेली होती. पहिला तास भूमितीचा होता, तो घेतला.