तळेघरची ढाल

टीम होती तेव्हा आम्ही फक्त गुणांचं बोलायचो. टीम मोडली, कुणी चाकणला कामाला गेलं, कुणी टोमॅटोत अडकलं, आणि किस्से मात्र साठत गेले. मी आठवीत शाळा सोडलेला, चारचौघांत फारसा बोलत नाही. पण वारूळवाडीच्या आमच्या कबड्डीच्या टीमचा विषय निघाला की मलाही बोलावंसं वाटतं.

*

टीम चालवायचे दावीदभाऊ. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, आणि घरामागच्या खोलीत दर रविवारी प्रार्थना. टीममध्ये ख्रिस्ती आम्ही दोघंतिघंच, पण सरावाआधी डोळे सगळेच मिटायचे.

एकदा भाऊ म्हणाले, आपापलं पाप मनातल्या मनात देवाला सांगा. सगळ्यांचं झालं, आमच्यातल्या लहानूचे ओठ हलतच होते. एवढं काय सांगत होतास, असं भाऊंनी विचारलं.

"माझं कवाच उरकलं भाऊ. मग ह्या संपतचं सांगत व्हतो."

पोरं हसून लोळली. भाऊ हसले नाहीत. ज्याचं त्यानं सांगावं, एवढंच म्हणाले.

*

तोच लहानू एका मॅचमध्ये आपणहून मैदानाबाहेर निघाला. समोरच्याचं बोट त्याला निसटतं लागलं होतं, पण पंचाला दिसलं नव्हतं. पंच ओरडला, तू बाद नाहीस, आत जा.

लहानू म्हणाला, "तुमी म्हणून काय व्हतंय? मला ठाव हाय ना."

*

मग ती फायनल. पंचावन्न किलोच्या आतला गट, समोर डोंगरातल्या तळेघरची टीम. एसटी चुकल्यामुळे ती पोरं निम्मी वाट चालत आली होती.

वजनाला कांद्याच्या वखारीतला काटा आणलेला. संपत आमचा सगळ्यात भारी चढाईवाला. उपाशी राहिला, स्वेटर घालून पळाला, तरी वजन उतरेना. त्याचं नाव पुकारलं तेव्हा काट्यावर उभा राहिला त्याचा धाकटा भाऊ सुरेश. तोंडावळा तोच. दावीदभाऊ टेम्पोवाल्याला शोधायला गेले होते. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो.

शेवटच्या चढाईत संपतनं मॅच काढली. भाऊंनी बक्षिसाची ढाल कौतुकानं प्रार्थनेच्या खोलीत लावली, क्रुसाच्या खाली.

*

त्यानंतर संपत बदलला. तंबाखू सोडली. उपास धरू लागला. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडायचा, आणि झाडलेली पुन्हा झाडायचा. भाऊंची बायको मार्थावहिनी म्हणायची, "संपत, फरशी झिजंल रे बाबा."

एका रविवारी भाऊंनी त्याच्या हातातला झाडू घेतला आणि काय झालंय ते विचारलं. संपतनं ढालीकडे बघत सगळं सांगितलं. भाऊ खालीच बसले.

"किती झाडलं म्हंजी जाईल भाऊ हे?"

"झाडून पाप जात असतं, तर येशूला क्रुसावर कशाला जावं लागलं असतं? तुझ्यानं न्हाई जायचं, माझ्यानंबी न्हाई. ते त्यानं उचललंय. तू फक्त 'माझं हाय' म्हण."

संपतला हुंदका आवरेना. "माझं हाय," तो म्हणाला. "सुरेशचं न्हाई. माझं."

मग त्यानंच ढाल खिळ्यावरून काढली.

*

तळेघरला आम्ही सगळेच गेलो. नाचणीची कापणी चालू होती. त्यांचा कॅप्टन धोंडू विळा हातात घेऊनच आला. संपतनं ढाल त्याच्या पायाशी ठेवली आणि काट्यावर कोण उभं होतं ते सांगितलं.

एक पोरगा म्हणाला, याला कड्यावरनं लोटून द्या. धोंडूनं त्याला गप्प केलं. ढालीला हात लावला नाही. संपतकडे बघत राहिला, मग म्हणाला, एक डाव खेळू, आमचा एक गडी कमी आहे, तू आमच्याकडून उतर.

भात कापून झालेल्या खाचरात राखेनं रेघा मारल्या. पहिल्याच चढाईला लहानूनं संपतचा घोटा धरला. संपत बाद. बाहेर जाऊन मान खाली घालून बसला.

कबड्डीत बाद झालेला गडी स्वतःहून आत येऊ शकत नाही. त्याच्या बाजूच्या कुणीतरी गुण आणावा लागतो.

त्यांची पुढची चढाई धोंडूची. आम्ही चौघं त्याच्यावर पडलो. त्यानं आम्हाला ओढत नेलं, गुडघे फुटले, तरी मधल्या रेघेला हात टेकवलाच.

संपत अजून बसूनच होता. धोंडू धापा टाकत त्याच्यापाशी गेला आणि मातीनं भरलेला हात पुढे केला.

"ऊठ की राव. तुझ्यासाठीच गेल्तो."